कॉलेजातला फिलॉसॉफी क्लब: नवीन येणाऱ्यांसाठी, आणि जिथे क्लबच नाही तिथल्यांसाठीसुद्धा

कॉलेजं सुरू झाली की मला दरवर्षी तेच मेसेज येतात. ताई, तो फिलॉसॉफी क्लब म्हणजे नेमकं काय असतं, मी बीकॉमला आहे तर चालेल का, मला इंग्लिश नीट बोलता येत नाही, आमच्या कॉलेजात क्लबच नाही तर काय करू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी गोव्यातल्या डिचोलीची, बीए करताना तीन वर्षं आमच्या क्लबात होते आणि त्यातलं शेवटचं दीड वर्ष तो चालवायची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे हे सगळं करून बघितलेलं सांगतेय.

आधी हे काय आहे ते. आठवड्यातून एकदा आठ-दहा मुलं गोल बसतात, एक प्रश्न घेतात आणि तास-सव्वा तास त्याचा पिच्छा पुरवतात, बस. मार्क नाहीत, सर्टिफिकेट नाही. तुमचा विषय फिलॉसॉफी असायची काहीच गरज नाही, आमच्याकडे सगळ्यात चांगले प्रश्न विचारणारा मुलगा बीएस्सी केमिस्ट्रीचा होता. हा सत्संग नाही, म्हणजे कोणी एक बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार असं नाही. आणि ही डिबेट तर अजिबात नाही. हा फरक पहिल्याच दिवशी कळला तर पुढचं सगळं सोपं जातं.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार दिलेत, वाद, जल्प आणि वितंडा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी बोलणं, त्यात शब्दच्छल वगैरे सगळं चालतं. वितंडा म्हणजे स्वतःचं काही मांडायचंच नाही, फक्त समोरच्याचं पाडत राहायचं. आणि वाद म्हणजे खरं काय आहे ते दोघांनी मिळून शोधायचं, कारणं देऊन. आपण रोजच्या मराठीत वाद घालू नको म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात भांडण असतं, पण मुळात तो शब्द तिन्हीतल्या सगळ्यात चांगल्या प्रकाराचा आहे. क्लबात यायचं ते वाद करायला, ह्या जुन्या अर्थाने.

क्लब आहे का ते बघा, नसेल तर सुरू करा

काही कॉलेजांत क्लब कागदावर असतो आणि दोन वर्षं कोणी बसलेलंच नसतं, त्यामुळे नोटीस बोर्डावर विसंबू नका, सीनियरना विचारा आणि लायब्ररीत विचारा. नसेल तर घाबरू नका, सुरू करायला फार लागत नाही. पाच जण लागतात (चारही चालतील, पण एक आजारी पडला एक गावी गेला की मग दोघंच उरतात), एक शिक्षक लागतात आणि एक खोली लागते.

शिक्षक फिलॉसॉफीचेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. गोव्यात मोजक्याच कॉलेजांत हा विषय शिकवतात. मराठीच्या मॅडम, पॉलिटिकल सायन्सचे सर, सायकॉलॉजीचे, कोणीही चालतील, फक्त एक बघा की वर्गात कोणी उलट प्रश्न विचारला तर त्यांना राग येतो की आनंद होतो. आनंद होणारे शिक्षक शोधा. आणि विषयाचं काही अडलंच तर गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर, फिलॉसॉफीचं एमए आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना बोलवा, आमच्याकडे दोघं स्वतःच्या खर्चाने आले होते.

प्रिन्सिपलना अर्ज करायचा तो पाच-सहा ओळींचा ठेवा. क्लबचं नाव, कुठल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, कुठला वार, किती वाजता, कुठली खोली, आणि खाली मुलांची नावं वर्गासकट. पैसे मागू नका. खरंच लागत नाहीत, आणि पैसे मागितले की फाईल चार टेबलं फिरते. झेरॉक्सचे तीस-चाळीस रुपये आपसात काढता येतात.

वार आणि वेळ ठरवताना बसचा विचार आधी करा, हे मी मुद्दाम ठळक सांगतेय. शहरातली मुलं पाच वाजता भेटूया म्हणतात आणि वाळपई, पेडणे, काणकोण, सांग्याकडची मुलं काही न बोलता यायची बंद होतात, कारण संध्याकाळी उशीर झाला की पुढची बस मिळेल याची खात्री नसते आणि पावसात तर घरचे फोनवर फोन करतात. आम्ही शेवटी बुधवारी दुपारच्या सुट्टीला जोडून वेळ घेतला, डबा घेऊन या आणि खाता खाता सुरू करा. दूरची चार मुलं परत आली. आणि वर्षाचं गणित असं मांडा की चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी चार-पाच मीटिंगा झाल्याच पाहिजेत, चवथीची सुट्टी लागली की लय तुटते आणि नंतर आयएसए (सेमिस्टरमधल्या छोट्या परीक्षा), असाइनमेंटा सुरू होतात, मग नवीन सवय लागत नाही.

पहिल्या मीटिंगला काय करू नये

आम्ही जे केलं ते करू नये. पहिल्या वर्षी आम्ही जोरात पोस्टर लावले, चाळीसेक मुलं आली, आणि आम्ही त्यांच्या हातात जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या नीतिशास्त्रावरची चौदा पानं दिली, बारीक टायपातली, इंग्लिशमध्ये, पुढच्या वेळी वाचून या म्हणून. दुसऱ्या मीटिंगला अकरा आली. तिसऱ्याला पाच. कांटचा त्यात काही दोष नाही, पुढे तिसऱ्या वर्षी आम्ही त्याच्या खोटं बोलण्याबद्दलच्या मतावर तीन आठवडे काढले आणि ते फार सुंदर झाले. पण ज्याच्या मनात अजून प्रश्नच उभा नाही त्याला चौदा पानांचं उत्तर देऊन काय उपयोग. वाचायला द्यायचं तर दोन पानं, त्याच्या वर नाही, आणि तीही जमल्यास मीटिंगमध्येच बसून मोठ्याने वाचायची. वाचून या म्हटलं की न वाचलेली मुलं लाजेने येत नाहीत.

प्रश्न कसा निवडायचा

सगळा जीव इथे आहे. ज्याचं उत्तर मोबाईलवर शोधून संपतं तो आपला प्रश्न नाही. आणि ज्यावर खोलीतली दोन शहाणी माणसं मनापासून वेगळं म्हणू शकत नाहीत तोही नाही. फार मोठा प्रश्नही नको. गोव्यात टुरिझम चांगलं की वाईट असा विषय घेतलात तर प्रत्येक जण आपापलं भाषण करून घरी जाईल. त्याऐवजी असं विचारा, किनाऱ्यावर ज्याच्या आजोबा-पणजोबांपासून होडी लागते त्याचा त्या वाळूवर काल आलेल्यापेक्षा जास्त हक्क आहे का, असेल तर तो हक्क येतो कुठून? आता बोलायला काहीतरी धरायला मिळालं.

आमच्याकडे चाललेले काही प्रश्न देते, तुम्ही तुमचे काढा.

गावातलं जुनं घर. आधी मातीच्या भिंती काढून चिऱ्याच्या केल्या, मग वासे बदलले, मग कौलं काढून स्लॅब घातला, आता जुन्यातलं फक्त तुळशीवृंदावन उरलंय. हे आजोबांचंच घर का? नाही म्हणत असाल तर ते कुठल्या वर्षी संपलं? ग्रीक लोकांकडे हाच प्रश्न थिसिअसच्या जहाजाचा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडे मिलिंदपञ्ह ह्या पाली बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाबद्दल असंच विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, आणि मग ते सगळं माणसावर आणून ठेवतो. घरापासून सुरू करा, दुसऱ्या मीटिंगला रथ वाचा. ह्या क्रमाने गेलात तर फर्स्ट इयरची मुलंसुद्धा नागसेनाशी भांडायला लागतात.

कोमुनिदाद. ही गोव्यातली जुनी व्यवस्था, गावची जमीन गावकऱ्यांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची, मिळून, आणि गावकऱ्यांच्या वंशातल्या पुरुषांना वर्षाची जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा. त्याच गावात तीन पिढ्या राहिलेल्या पण बाहेरून आलेल्या कुटुंबाला नाही, आणि लेकीला नाही. न्याय म्हणजे काय हे शिकवायला ह्याच्यापेक्षा जवळचं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही, कारण वर्गात जोण घेणाऱ्या घरातलीही मुलं असतात आणि न मिळणाऱ्या घरातलीही, आणि दोघांकडे खरी कारणं असतात.

आणि धर्मानंद कोसंबी. आपल्या साखवाळचा माणूस, १८७६ चा जन्म, शाळा फारशी नाही, आणि बुद्धाचा धर्म समजून घ्यायच्या ओढीने १८९९ साली घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, पुढे पालीचा एवढा मोठा पंडित झाला की हार्वर्डला जाऊन काम केलं. पण निघाला तेव्हा घरी बायको होती आणि तान्ही मुलगी होती. बरोबर केलं का त्यांनी? त्यांनी स्वतः मराठीत आत्मकथन लिहिलंय, ‘निवेदन’, त्यातली घर सोडण्याची पानं वाचून दाखवा आणि मग विचारा. आमच्याकडे मुलगे आणि मुली इतक्या वेगळ्या बाजूंना गेले की आम्हाला तो विषय पुढच्या आठवड्यात परत घ्यावा लागला. आणि शेवट तर त्याहून कठीण आहे, १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. तो विषय मात्र पहिल्या सेमिस्टरला घेऊ नका, आणि घ्याल तेव्हा शिक्षक खोलीत पाहिजेतच, कोण कुठल्या मनःस्थितीत बसलंय ते आपल्याला माहीत नसतं.

ट्रामचा तो प्रश्न, म्हणजे एकाला मारून पाच वाचवायचे का, फिलिपा फूट ह्या ब्रिटिश बाईंनी १९६७ साली मांडलेल्या उदाहरणातून आलेला, तो सगळ्यांना मोबाईलवरून माहीत असतो. घ्या, पण पहिला नको. मुलं त्याच्याकडे कोड्यासारखी बघतात, स्वतःचं काही त्यात अडकलेलं नसतं.

भजनी घरातली मुलं असतील (आणि डिचोली, पेडणे, सत्तरीकडून आलेली असली तर असतीलच) तर त्यांना अभंग घेऊन यायला सांगा. द्वैत-अद्वैत (जीव आणि ब्रह्म वेगळे की एकच) हा शब्द पुस्तकात बघून दचकणाऱ्या मुलाला संतकवी सोहिरोबानाथ आंबियांची पदं लहानपणापासून पाठ असतात, फक्त त्या ओळींना प्रश्न विचारायची मुभा आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मीटिंग चालवायची कशी

आमचा साचा असा होता. पहिली दहा मिनिटं प्रश्न आणि ते दोन पानी वाचन. मग पाच मिनिटं गप्प, प्रत्येकाने वहीत स्वतःचं मत एका वाक्यात आणि त्याचं कारण एका वाक्यात लिहायचं. ही पाच मिनिटं वाटेल ते झालं तरी काढू नका. लिहिलेलं असलं की लाजरी मुलं निदान वाचून तरी दाखवतात, आणि बडबडी मुलं थोडी थांबतात. मग पन्नासेक मिनिटं चर्चा, आणि शेवटची पाच मिनिटं ज्याचं मत बदललं असेल त्याने कशामुळे बदललं ते सांगायचं. नसेल बदललं तर तसं सांगा, काही हरकत नाही.

चर्चेला एकच नियम. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्या जागी बसून पूर्ण मांडायचं, आणि मगच उत्तरपक्ष. आम्ही तेच केलं. कोणाचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा, तो हो म्हणाला तर पुढे बोला, नाही म्हणाला तर परत सांगा. ऐकायला साधं वाटतं पण हा नियम काय करतो ते मी एका दिवसात बघितलं.

सत्तरीची एक मुलगी होती, तीन आठवडे येत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी विषय होता, एखादी गोष्ट मला माहीत आहे असं मी कधी म्हणू शकते. वाचायला प्रमाणांवरची, म्हणजे ज्ञान मिळवायच्या साधनांवरची दोन पानं होती, नैयायिक (न्यायदर्शनाचे लोक) चार प्रमाणं मानतात, प्रत्यक्ष (स्वतः बघितलेलं), अनुमान, उपमान (साम्यावरून कळलेलं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं), आणि चार्वाक हे जुने जडवादी म्हणतात प्रत्यक्ष सोडून काही खरं नाही. सगळी मुलं इंग्लिशमध्ये जोरात बोलत होती. मध्येच ती म्हणाली, मराठीत, की आमच्या ताईचं लग्न ठरवताना देवळात प्रसाद लावला होता. म्हणजे देवाला पाकळ्या लावतात, प्रश्न सांगतात, आणि उजवी पाकळी पडली की होकार. पडली उजवी, लग्न ठरलं. मग हे कुठल्या प्रमाणात बसतं?

एक मुलगा हसला आणि लगेच म्हणाला की ही अंधश्रद्धा आहे, पाकळी ओली असते ती कुठेतरी पडणारच. सरांनी हात वर केला. आधी ती काय म्हणतेय ते सांग. तो म्हणाला, ती म्हणतेय की देव पाकळीतून भविष्य सांगतो. ती म्हणाली, नाही. त्याने परत प्रयत्न केला, ती म्हणतेय की तिचा देवावर विश्वास आहे. ती म्हणाली, आहे, पण मी ते म्हणत नाहीये. मग तो खरोखर थांबला, आणि त्याने तिलाच विचारलं की मग सांग ना काय झालं होतं. तर घरात सहा मोठी माणसं, तिघांना स्थळ पसंत, तिघांना नाही, दोन महिने कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. पाकळी पडली आणि सगळ्यांनी मानलं. तेव्हा तो मुलगा सावकाश म्हणाला, म्हणजे तुझं म्हणणं असं की पाकळीने कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांना मान्य होईल असा निर्णय झाला. ती म्हणाली, हो, हेच.

तिथून चर्चा कुठल्या कुठे गेली. कळणं आणि ठरवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? मग नाणं उडवलं असतं तर चाललं असतं का, आणि नसतं तर का नाही? शेवटी कोणीतरी विचारलं, त्या सहा जणांत ताई होती का? ती म्हणाली, नाही. आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. माझ्या वहीतलं त्या दिवसाचं पान माझ्याकडे अजून आहे.

भाषा

ह्यावरून भाषेचं. जी भाषा येते त्या भाषेत बोला. आमच्याकडे मराठी, कोंकणी, इंग्लिश, हिंदी सगळं चालायचं आणि कोणाला नाही कळलं तर शेजारचा सांगायचा. मी बघितलंय की जो क्लब फक्त इंग्लिशमध्ये चालतो तिथे ज्यांचं इंग्लिश चांगलं त्यांचंच डोकं चांगलं असा समज होऊन बसतो, आणि हे फार नुकसानीचं आहे, त्यांच्यासाठीसुद्धा. मराठी-कोंकणी हा वादच विषय म्हणून घ्यायचा असेल तर आपल्या घरांत १९६७ च्या जनमत कौलापासून (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का ह्यावरचा) आणि कोंकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्यापासून चालत आलेलं पुष्कळ काही मनात साठलेलं असतं, त्यामुळे ग्रुप एकमेकांना ओळखायला लागल्यावर, दोन-तीन महिन्यांनी घ्या. जात आणि धर्माचंही तेच. टाळू नका, पण पहिल्या आठवड्यात नको.

वाचायला कुठे मिळेल

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, कदंब बस स्टँडवरून चालत जाता येतं. तिथे मेंबर व्हा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी चांगल्या आणि आटोपशीर आहेत, दोन पानांचं वाचन तिथूनच काढता येतं. इंग्लिश चालत असेल तर स्टॅनफर्ड विद्यापीठाचा फिलॉसॉफीचा विश्वकोश, तोही फुकट, पण त्यातली एक नोंद म्हणजे तीस-चाळीस पानं, मीटिंगसाठी त्यातला एखादा परिच्छेदच घ्या. प्लेटोचे छोटे संवाद नाटकासारखे वाटून घेऊन वाचा, उदाहरणार्थ ‘युथिफ्रो’ ह्या संवादात एक जण सॉक्रेटिस, एक जण युथिफ्रो, अर्ध्या तासात रंग चढतो. आणि डी. डी. कोसंबी (धर्मानंदांचे चिरंजीव, इतिहासकार) विचार महोत्सवासारखं काही पणजीत असलं की ग्रुपने जा आणि परतीच्या बसमध्ये त्यावर बोला.

तुम्ही पहिल्यांदाच येत असाल तर

पहिल्या दिवशी नाही बोललात तरी चालेल, पण वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी फक्त एक गोष्ट करा, कोणाचं तरी वाक्य नाही कळलं तर नाही कळलं म्हणा. तुम्हाला नाही कळलं म्हणजे आणखी चौघांना नाही कळलं, हे मी खात्रीने सांगते. मोठी नावं घेऊन बोलणारा कोणी सीनियर असेल तर त्याला उदाहरण मागा, घरातलं, बाजारातलं, कुठलंही. आणि मित्राच्या मताला विरोध केल्यावर मीटिंग संपली की त्याच्याबरोबर कँटीनला जा, पातळभाजी-पाव खा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये, आमच्या दोन चांगल्या मैत्रिणी असं न केल्याने तुटल्या.

क्लब चालवणाऱ्यांसाठी शेवटचं एक. एक जाड वही ठेवा, प्रत्येक मीटिंगची तारीख, प्रश्न, कोण आलं होतं, आणि जिथे अडकलो ते एक वाक्य. थर्ड इयर गेलं की क्लब मरतो, पुष्कळ ठिकाणी मेलेत, कारण सगळं त्या दोघा-तिघांच्या डोक्यात असतं. सेमिस्टरची परीक्षा लागायच्या आधी, मार्चमध्येच, वही आणि खोलीच्या चावीसाठी कोणाला भेटायचं ते, दोन्ही सेकंड इयरच्या कोणाला तरी द्या, आणि त्याच्याकडून एक मीटिंग तुमच्यासमोर चालवून घ्या. तुम्ही तेव्हा मागच्या बाकावर बसा आणि मध्ये बोलू नका.